राखणीचा अधिकार

२०१३ साली ‘एशिया पॅसिफिक व्ह्यूपॉइंट’ या शोधपत्रिकेत एक लेख प्रसिद्ध झाला. लेखकांच्या यादीत पहिलं नाव होतं बावाका, आणि बावाका ही कुणी व्यक्ती नाही, जागा आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य आर्नहेम लँडमध्ये समुद्राकाठी असलेला हा योलंगू लोकांचा मुलूख. तिथल्या एका कुटुंबातल्या स्त्रिया आणि विद्यापीठांत भूगोल शिकवणाऱ्या अभ्यासक यांनी मिळून काम केलं होतं. जे शिकायला मिळालं ते त्या मुलखानेच शिकवलं, तेव्हा श्रेयही त्याला हवं, असं त्यांचं म्हणणं. पुढेही बावाकाच्या नावाने लेख येत राहिले. अशा गोष्टीवर लोक दोन टोकांना जातात. काहींना गहिवरून येतं, की आदिवासींचं निसर्गावर किती प्रेम असतं पाहा! काहींना हसू येतं, की उद्या डोंगराला प्राध्यापक करा. दोघांची चूक एकच आहे. दोघंही या नात्याला भावना समजतात. एकाला ती आवडते आणि दुसऱ्याला आवडत नाही, एवढाच फरक. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं जमिनीशी असलेलं नातं प्रत्यक्षात एक काटेकोर व्यवस्था आहे. तिच्यात नेमणुका आहेत, हद्दी आहेत, परवानग्या आहेत आणि चुकलं तर जाब कोण विचारणार हेही ठरलेलं आहे. शास्त्रज्ञ आणि आदिवासी यांनी मिळून तिथे गेल्या काही दशकांत जे पर्यावरण संशोधन केलं, ते या व्यवस्थेला मान देऊन केलं तेव्हा विज्ञानालाही त्याचा फायदा झाला. तिच्यातून नुसती ‘माहिती’ उचलली तेव्हा ती माहितीही लंगडी निघाली. हे म्हणणं पुराव्यानिशी तपासून पाहण्याजोगं आहे.

आधी व्यवस्था पाहू. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांमध्ये वडिलांच्या बाजूने एखाद्या मुलखाशी नातं असलेल्यांना किर्दा म्हणतात आणि आईच्या बाजूने नातं असलेल्यांना कुर्दुंगुर्लू. ढोबळमानाने किर्दा हे मालक आणि कुर्दुंगुर्लू हे देखरेख करणारे. पण इथे मालकाला एकट्याच्या मर्जीने फारसं काही करता येत नाही. सातबाऱ्यावर नाव मामाचं, पण शेतात काय करायचं याला भाच्याची संमती लागणार, अशी कल्पना केली तर ही रचना ध्यानात येईल. विधी नीट पार पडतो की नाही, स्थळांची काळजी घेतली जाते की नाही, यावर भाच्यांचं लक्ष असतं. आणि प्रत्येक माणूस एका मुलखात मालक तर दुसऱ्या, म्हणजे आईच्या मुलखात देखरेख करणारा असल्यामुळे सत्ता एकाच हाती साचत नाही. आर्नहेम लँडमध्ये अशा देखरेख करणाऱ्याला जुंगकाय म्हणतात. रान कधी पेटवायचं, कुठल्या बाजूने पेटवायचं, या निर्णयात त्याचा शब्द महत्त्वाचा असतो. ज्ञानाचंही तसंच. कुठल्या पाणवठ्याची हकिगत कोणी सांगायची, कोणापुढे सांगायची, कोणती गोष्ट फक्त बायकांची आणि कोणती फक्त पुरुषांची, हे सगळं ठरलेलं. एखाद्याला एखादी गोष्ट नीट ठाऊक असते, पण बोलण्याचा अधिकार नसतो. मग तो गप्प राहतो. त्या मौनाला अज्ञान समजून वही मिटणारे संशोधक पूर्वी थोडे नव्हते.

ही नियमांची व्यवस्था आहे हे ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने तसं फार पूर्वीच ओळखलं होतं. १९७१ साली गोव्ह द्वीपकल्पावरच्या बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध योलंगू लोकांनी केलेल्या दाव्याचा निकाल न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी दिला. या लोकांचे नियम सूक्ष्म आहेत, त्यांची कायद्याची स्वतःची पद्धत आहे, हे त्यांनी मान्य केलं, आणि तरीही दावा फेटाळला, कारण ब्रिटिश कायद्याला ओळखता येईल अशी मालमत्ता त्यांना त्यात दिसली नाही. पुढे १९७६ साली नॉर्दर्न टेरिटरीपुरता आदिवासी जमीन हक्क कायदा झाला. हा खंड इंग्रज आले तेव्हा कुणाचाच नव्हता, या गृहीतकाला मात्र ३ जून १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात मूठमाती दिली. खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचे एडी माबो निकालाच्या काही महिने आधीच वारले होते. या तारखा संशोधनाच्या चर्चेत अवांतर वाटतील, पण तशा त्या नाहीत. संशोधकाला ‘नको’ म्हणण्याची ताकद ज्या लोकांना कायद्याने मिळाली, त्यांच्याशीच बरोबरीची भागीदारी सुरू झाली. त्याआधी आदिवासी होते ते वाटाडे, हमाल आणि अभ्यासाचा विषय.

भागीदारीचं सर्वांत भरघोस उदाहरण आगीचं आहे. पश्चिम आर्नहेम लँडचं वालुकाश्माचं पठार हा बिनिंज लोकांचा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथली माणसं हळूहळू खाली उतरली. कुणी मिशनवर गेलं, कुणी रानम्हशींच्या शिकारतळांवर, कुणी महायुद्धाच्या काळात लष्कराच्या छावण्यांवर, कुणी डार्विन शहरात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पठार जवळजवळ ओस पडलं. माणूस गेला म्हणजे निसर्ग मोकळा झाला, असं अनेक संवर्धनवाद्यांना वाटत असे. घडलं उलटंच. माणसं होती तेव्हा ती पावसाळा संपल्यावर लगेच, गवतात ओल असताना, जागोजागी लहान लहान आगी लावत. अशी आग बुटकी असते, रेंगाळते, रात्रीच्या दवाने विझते आणि मागे जळक्या-हिरव्या तुकड्यांची गोधडी सोडून जाते. या लोकांच्या पंचांगातही आपल्यासारखेच सहा ऋतू आहेत, फक्त ते तिथल्या पावसाचे आणि वाऱ्याचे. मे-जूनच्या सुमाराच्या येक्के ऋतूत वूलीबट नावाच्या निलगिरीला फुलं आली, की जाळायला सुरुवात करायची ही खूण. माणसं गेल्यावर या लहान आगी थांबल्या, आणि गवत वर्षभर साठून ऑगस्टनंतरच्या रखरखीत उन्हात, जोराच्या वाऱ्यात पेटू लागलं. ती आग आठवडेच्या आठवडे धावते आणि झाडांचे शेंडे करपवते. त्याचा साक्षीदार आहे कॅलिट्रिस नावाचं सूचिपर्णी झाड. सौम्य आगीतून त्याचे मोठे वृक्ष तगतात, पण प्रखर आगीत मरतात, आणि मेल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटत नाहीत. लाकडाला वाळवी सहसा लागत नसल्याने मेलेलं खोड मात्र वर्षानुवर्षं उभं राहतं. पठारावर अशा मेलेल्या झाडांची रानं शास्त्रज्ञांना दिसली आणि काहीतरी बिघडल्याची खात्री पटली.

बिघाड कशाने झाला हे सांगणारी माणसं अजून हयात होती. १९२६च्या सुमारास जन्मलेले, तरुणपणी हे पठार पायी तुडवलेले चित्रकार बार्दायल नाजामेरेक यांनी मुलखात परत जायचं ठरवलं आणि काबुलवार्नाम्यो ही वस्ती वसवली. त्यांचं म्हणणं साधं होतं. मुलखात माणूस हवा. त्याच्याशिवाय आग बेवारस होते. जेरेमी रसेल-स्मिथ यांच्यासारखे अग्निपरिसंस्थेचे अभ्यासक, पीटर कुक यांच्यासारखे आदिवासींसोबत काम करणारे कार्यकर्ते आणि डीन यिबारबुक यांच्यासारखे बिनिंज जाणकार एकत्र आले. उपग्रहचित्रांवरून जळलेल्या पट्ट्यांचे नकाशे झाले, गवत-पाचोळ्याचं वजन झालं, कोणत्या आगीतून किती वायू निघतो हे मोजलं गेलं, आणि म्हातारी माणसं तरुणांना घेऊन पठार पायी ओलांडू लागली. त्याआधीच, २००१ साली, ‘जर्नल ऑफ बायोजिऑग्राफी’मध्ये यिबारबुक हे पहिले लेखक असलेला एक निबंध आला होता. मध्य आर्नहेम लँडमधला दुकालाजारांज हा मुलूख त्याच्या राखणदारांनी कधी पूर्णपणे सोडला नव्हता. तिथली जीवसृष्टी शाबूत होती आणि कॅलिट्रिसही चांगल्या स्थितीत होतं. मालक नसलेल्या पठाराशी तुलना करता आली ती या मुलखामुळे, आणि इथवर पोचता आलं ते तिथल्या मालकांनी बोलावलं म्हणून. ते निबंधाच्या लेखकांतही होते. शास्त्रज्ञाच्या भाषेत बोलायचं तर तुलनेचा नमुना राखणदारांनी जपून ठेवला होता.

२००६ साली या कामाला पैशाची जोड मिळाली. डार्विनला द्रवरूप नैसर्गिक वायूचा प्रकल्प उभारणाऱ्या कॉनोकोफिलिप्स कंपनीला आपल्या उत्सर्जनाची काही भरपाई करणं भाग होतं. पठाराच्या सुमारे २८,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात आदिवासी वनरक्षक मोसमाच्या सुरुवातीला सौम्य आगी लावतील, उशिराच्या वणव्यांना आळा घालतील आणि त्यातून दरवर्षी एक लाख टन कार्बन डायऑक्साइडइतका हरितगृह वायू वाचेल. कंपनी त्यासाठी १७ वर्षं दरसाल साधारण दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देईल, असा करार झाला. यातला हिशेब प्रामाणिक आहे. आगीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पुढच्या पावसात वाढणारं गवत परत शोषून घेतं, म्हणून तो धरलाच नाही. धरले ते मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड, जे असे परत येत नाहीत. लवकरची आग तुटक असते, तिच्यात जळण कमी जळतं, म्हणून हे वायूही कमी निघतात. पहिल्या सात वर्षांत हे उत्सर्जन आधीच्या दहा वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ३८ टक्क्यांनी घटलं. २०१२ साली सरकारने सवानातल्या, म्हणजे गवताळ रानातल्या, आगीच्या व्यवस्थापनाची अधिकृत कार्बन-पद्धती मंजूर केली आणि उत्तर ऑस्ट्रेलियात असे प्रकल्प पसरले.

दुसरा पुरावा वाळवंटातला आहे आणि तो मला जास्त विचार करायला लावतो, कारण तो निसर्गप्रेमाच्या कथेत बसत नाही. पश्चिम वाळवंटातल्या मार्तू लोकांपैकी अनेकांना १९६०च्या दशकात रॉकेट चाचण्यांच्या काळात वाळवंटातून बाहेर आणलं गेलं. १९८०च्या दशकात ते परतले आणि पार्नगुरसारख्या वस्त्या उभ्या राहिल्या. २००२ साली सुमारे १,३६,००० चौरस किलोमीटरवर त्यांचा हक्क मान्य झाला. मार्तू बायका हिवाळ्यात घोरपडीच्या जातीच्या वाळूतल्या सरड्यांची शिकार करतात. स्पिनिफेक्स गवताचा एक तुकडा पेटवायचा, म्हणजे बिळं उघडी पडतात. हेतू पोट भरण्याचा, संवर्धनाचा नव्हे. रेबेका ब्लीज बर्ड आणि डग्लस बर्ड या मानवशास्त्रज्ञ दांपत्याने त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं राहून, शिकारींची नोंद आणि उपग्रहचित्रं ताडून पाहिली. जिथे शिकार होते तिथे आगी लहान आणि पुष्कळ. जिथे माणूस नाही तिथे विजेने लागलेले अवाढव्य वणवे. पावसाळी वर्षांनंतर गवत माजतं तेव्हा वणव्यांचा आकार कसा बेफाम होतो, पण शिकारीच्या टापूत तो आटोक्यात राहतो, हे त्यांनी २०१२ साली दाखवलं. आणि २०१३ साली त्याहून चकित करणारं काही दाखवलं: ज्या सरड्यांची शिकार होते, त्यांची बिळं सर्वाधिक शिकारीच्या भागात जास्त होती. नवं आणि जुनं गवत जवळजवळ असेल तिथे हा प्राणी पोसतो, आणि अशा कडा मार्तूंची आग तयार करते. जळल्यानंतर रान कोणकोणत्या टप्प्यांतून जातं त्या प्रत्येक टप्प्याला मार्तूंकडे वेगळं नाव आहे. नुकतंच जळलेलं रान म्हणजे न्युर्न्मा, गवताने पार भरून म्हातारं झालेलं म्हणजे कुनार्का. संशोधकांनी आपलं वर्गीकरण याच नावांवर बेतलं, कारण त्याहून सोयीचं त्यांना सापडलं नाही. संवर्धनाच्या हेतूशिवाय संवर्धन घडू शकतं, फक्त त्यासाठी त्या मुलखात वावरण्याचा हक्क असलेली आणि रोज वावरणारी माणसं लागतात, हे या अभ्यासाचं सार.

पक्ष्यांच्या दोन गोष्टीही इथे सांगण्यासारख्या आहेत. उत्तर ऑस्ट्रेलियातले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, की काही शिकारी पक्षी पेटती काटकी उचलून पुढे नेऊन टाकतात आणि नवी आग लावतात, म्हणजे पळणारे किडे-सरडे पकडता यावेत. वाइपुल्दान्या या आदिवासी आरोग्यसेवकाच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात हे निरीक्षण आहे. शास्त्रज्ञांनी ते दंतकथेत जमा केलं होतं. २०१७ साली आदिवासी आणि बिगरआदिवासी साक्षीदारांचे जबाब एकत्र करून त्यावर शोधनिबंध आला. पक्षी हे मुद्दाम करतात का, यावर वाद आहे आणि जबाबांपलीकडचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. पण प्रश्न आता विचारण्याजोगा झाला. त्या शिकारी पक्ष्यांपैकी एक आपल्या गावोगावी घिरट्या घालणारी काळी घार आहे, जात तीच. दुसरी गोष्ट निशापोपटाची. हा पोपट नामशेष झाल्याचं अनेकांनी गृहीत धरलं होतं. २०१३ साली क्वीन्सलंडमध्ये त्याचं छायाचित्र मिळालं. २०२४ साली ग्रेट सँडी वाळवंटात न्गुरुर्पा वनरक्षक आणि शास्त्रज्ञांनी रानात ध्वनिमुद्रक लावून मिळवलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तिथे किमान पन्नास निशापोपट असावेत असा अंदाज निघाला. ही आजवर माहीत असलेली सर्वांत मोठी संख्या आहे. आसऱ्याचं जुनं गवत कुठे आहे हे वनरक्षकांना ठाऊक होतं. यंत्रं कुठे लावायची हे त्यावरूनच ठरलं.

आता आक्षेप. सर्वांत जुना असा, की आदिवासींनीही निसर्गाचं नुकसान केलंच आहे. माणूस ऑस्ट्रेलियात किमान पन्नास हजार वर्षांपूर्वी आला (उत्तरेतल्या माजेडबेबे इथल्या उत्खननाचे अभ्यासक पासष्ट हजार म्हणतात, ते सर्वांना मान्य नाही), आणि त्यानंतरच्या काळात अडीच टनांच्या डिप्रोटोडॉनपासून महाकाय कांगारूंपर्यंत मोठे प्राणी संपले. टिम फ्लॅनरी यांनी १९९४ सालच्या ‘द फ्यूचर ईटर्स’ या पुस्तकात त्याचा दोष माणसाकडे दिला. हवामान बदलाकडे बोट दाखवणारेही आहेत आणि वाद मिटलेला नाही. समजा, दोष माणसाचाच. त्याने काय सिद्ध होतं? आदिवासी जन्मतःच निसर्गाचे रक्षक असतात, हे म्हणणं खोटं ठरतं, आणि ते ठरावंच. राखण ही रक्तातून येत नाही; ती घडवावी लागते, शिकवावी लागते, आणि ती घडायला काही हजार वर्षं आणि काही नुकसानंही लागली असतील. पठार ओस पडल्यावर काही दशकांत काय झालं, हे पाहिलं तर त्या घडवलेल्या व्यवस्थेचं मोल कळतं. त्यासाठी पहिली माणसं देवदूत असण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा आहे. हेलिकॉप्टरमधून आगीच्या गोळ्या टाकणारे, उपग्रहाचे नकाशे फोनवर पाहणारे वनरक्षक कसले पारंपरिक? हा आक्षेप बहुधा स्वतः ट्रॅक्टर वापरणारे लोक घेतात. साधन बदललं म्हणून अधिकार बदलत नाही. हेलिकॉप्टरमध्ये मागच्या आसनावर त्या मुलखाचा जुंगकाय बसलेला असेल तर निर्णय त्याचाच आहे. मात्र याच आक्षेपाची एक धारदार आवृत्ती आहे आणि तिला टाळता येत नाही. काकाडू राष्ट्रीय उद्यान १९७९ पासून अस्तित्वात आहे, त्याचं व्यवस्थापन बिनिंज मालक आणि सरकार मिळून करतात, मोसमाच्या सुरुवातीला जाळण्याचा कार्यक्रमही तिथे वर्षानुवर्षं आहे. तरी तिथले लहान सस्तन प्राणी झपाट्याने कमी झाले. जॉन वोइनार्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मांडलेल्या आकडेवारीनुसार काही वर्षांतच प्रत्येक मोजणी-चौकोनात सापडणाऱ्या देशी प्राण्यांची संख्या निम्म्याहून खाली आली होती. रानटी झालेली मांजरं, ऊस-बेडूक, वारंवारच्या आगी, अशी कारणं सांगितली जातात. म्हणजे ‘लवकर जाळा’ ही कृती एवढीच उचलून ती हवेतून लांबच लांब पट्ट्यांत वापरली, तर ती राखण होत नाही. पायी चालणारा माणूस एक तुकडा पेटवतो आणि शेजारचा सोडतो, कारण तिथे काय आहे ते त्याला माहीत असतं. कार्बनच्या बाजारात टनाला भाव आहे, सोडलेल्या तुकड्याला नाही. आर्नहेम लँडच्या प्रकल्पांनाही हा धोका आहेच आणि तो तिथल्या लोकांना चांगला ठाऊक आहे. म्हणून तर कार्बनचा पैसा ते वस्त्यांवर माणसं राहावीत, मुलांची शाळा तिथेच व्हावी, यासाठी वापरू पाहतात.

तिसरा आक्षेप आग्नेय ऑस्ट्रेलियाचा. २०१९-२० च्या वणव्यांत दोन कोटी चाळीस लाख हेक्टर जमीन होरपळली आणि ३३ माणसं थेट आगीत गेली. त्यानंतर आदिवासींची सौम्य आग हाच यावर उतारा, अशी हवा निर्माण झाली. चौकशी आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारांनी पारंपरिक मालकांसोबत काम करावं अशी शिफारसही केली. पण सवानातलं गणित जसंच्या तसं दक्षिणेच्या दाट, थंड रानांना लागू पडत नाही. तिथली बरीच कुटुंबं दोनशे वर्षांपूर्वीच मुलखातून हुसकली गेली, ज्ञानाचे धागे तुटले; आणि चाळीस अंश उष्णता, कोरडं रान आणि सोसाट्याचा वारा एकत्र आले की आधी जाळलेला पट्टाही आग रोखेलच असं नाही. इथे आश्वासनं जपून द्यावीत. ही मर्यादा मान्य केल्याने राखणदारीच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा होत नाही. उलट ती एका विशिष्ट मुलखाशी बांधलेली असते, हेच पुन्हा दिसतं. एका मुलखाचा माणूस दुसऱ्याच्या मुलखात आग लावत नाही, हा तिचाच नियम आहे.

राहिला विज्ञानाच्या शिस्तीचा प्रश्न. जे ज्ञान सगळ्यांना खुलं नाही, त्याला विज्ञान कसं म्हणायचं? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. वायूचं प्रमाण, बिळांची संख्या, पक्ष्यांचे आवाज, हे सगळे निष्कर्ष छापले गेले आणि कुणीही तपासावेत असेच आहेत. खुलं नसतं ते कच्चं साहित्य: एखाद्या पवित्र स्थळाची नेमकी जागा, एखाद्या गीतातला तपशील. आपल्याकडे रुग्णाचं नाव न छापता वैद्यकीय संशोधन होतं, तेव्हा कुणी त्याला अवैज्ञानिक म्हणत नाही. आदिवासी अभ्यासांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने २०२० साली आचारसंहिता नव्याने काढली, ती संशोधनाचं नेतृत्व आणि नियंत्रण आदिवासींकडे असावं हे सरळ सांगते. काकाडूतल्या नार्दाब पूरमैदानात हे प्रत्यक्षात दिसलं. चराईसाठी बाहेरून आणलेल्या पॅरा गवताने तिथल्या पाणथळी गिळल्या होत्या. वनरक्षक, शास्त्रज्ञ आणि एका सॉफ्टवेअर कंपनीने मिळून ड्रोनच्या चित्रांवरून गवत आणि हंस मोजणारी प्रणाली बनवली. यंत्र मोजतं, पण मुलूख ठीक आहे की नाही हे कशावरून ओळखायचं, ते बिनिंज मालकांनी ठरवलं. हंस परतले का, आणि माणसं तिथे पुन्हा जाऊ लागली का, ही त्यातली लक्षणं.

आदिवासी संरक्षित क्षेत्रं पहिल्यांदा १९९८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नांतावारिना इथे घोषित झाली. आज ती ऐंशीहून अधिक आहेत आणि देशाच्या एकूण संरक्षित भूभागाचा सुमारे अर्धा हिस्सा त्यांच्यात येतो. आकड्यांच्या दृष्टीने राखणदारीचा विजय झाल्यासारखा वाटेल. पण सहकार्याने केलेलं संशोधन आणि नाकारण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असून दुसरी नसली तर काय होतं हे पिलबारातल्या जुकान दरीने दाखवलं. तिथल्या गुहा पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांच्या. लोहखनिजासाठी त्या उडवण्याची सरकारी संमती रिओ टिंटो कंपनीला २०१३ साली मिळाली. २०१४ साली मालकांच्या सहभागाने तिथे उत्खनन झालं: हजारो अवजारं, कांगारूच्या हाडाचं अठ्ठावीस हजार वर्षांपूर्वीचं हत्यार, आणि चार हजार वर्षांपूर्वीची विणलेल्या केसांची वेणी, जिच्या जनुकांचं नातं आजच्या मालकांशी जुळलं. सेहेचाळीस हजार वर्षांच्या वावराचा असा पुरावा हाती असूनही, आधी दिलेली संमती मागे घेण्याची सोय पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९७२च्या वारसा कायद्यात नव्हती. २४ मे २०२० रोजी सुरुंग लागले. जगभर गदारोळ झाला, संसदीय चौकशी झाली, कंपनीच्या प्रमुखांना जावं लागलं. राज्याने २०२१ साली नवा कायदा केला, तो १ जुलै २०२३ पासून अमलात आला, आणि जमीनमालक व शेतकऱ्यांच्या विरोधापुढे त्याच वर्षी रद्दही झाला. आता पुन्हा १९७२चाच कायदा लागू आहे, दुरुस्त्यांसह. नवी माहिती पुढे आली तर ती कळवणं आता बंधनकारक आहे आणि मूळ मालकांना निर्णयाविरुद्ध दाद मागता येते. नकाराधिकार मात्र त्यांना नाही.